गवंडी कंपायलर बांधतो

आमच्या संस्थेत त्यांना गवंडी म्हणत. तोंडावर 'सर', पाठ फिरली की गवंडी. विटा-वाळूशी त्यांचा काडीचा संबंध नव्हता. ते कंपायलर बांधायचे. 'बांधलं', 'बांधतोय', 'उद्या बांधून देतो' असं दिवसातून पन्नास वेळा म्हणायचे. एकदा शिपायानं भाबडेपणानं विचारलं, "सर, प्लॉट कुठं घेतलाय?" तेव्हापासून ते नाव चिकटलं ते चिकटलंच.

कंपायलर म्हणजे दुभाष्या. माणसानं लिहिलेला प्रोग्राम मशीनला तसाच्या तसा कळत नाही. कंपायलर तो मशीनच्या भाषेत उतरवून देतो. आमची संस्था धरणांच्या पाण्याचं गणित करायची. किती पाणी येईल, दरवाजे किती उचलायचे. ते गणित करणारा प्रोग्राम तीस वर्षांपूर्वीचा, एका जुन्या भाषेत लिहिलेला. त्या भाषेचा कंपायलर तेव्हा तयार मिळत नसे. त्याचा सोर्स कोड तेवढा मिळे, म्हणजे तो कंपायलर मुळात ज्या लाखो ओळींनी बनलाय त्या ओळी. त्या उतरवून घ्यायच्या, आपल्या मशीनवर तीन-चार तास दळायच्या आणि त्यातून कंपायलर उभा करायचा. मशीन बदललं की सगळं पहिल्यापासून. सव्वीस वर्षं हे काम गवंडींनी एकट्यानं केलं. दुसऱ्या कुणाला शिकू दिलं नाही.

मी त्याच खोलीत दुसऱ्या टेबलावर बसायचो. तांत्रिक सहायक म्हणून लागलो होतो. पहिल्या आठवड्यात मी त्यांच्या मागं उभं राहून कमांड वहीत उतरवायला लागलो, तर त्यांचे हात थांबले.

"वही मीट."

"सर, लक्षात राहावं म्हणून..."

"लक्षात राहत नसेल तर ते काम तुझं नाही. वायरी गुंडाळ, त्यात तुझा हात चांगला आहे."

नंतरची अकरा वर्षं मी वायरी गुंडाळल्या. प्रोजेक्टर लावला, कीबोर्ड पुसले. त्यांचा राग यायचा, पण काम बघत राहावंसं वाटायचं. डोळे मिटून पेटी वाजवावी तसे ते टाइप करायचे.

दुपारी साडेबाराला त्यांची बायको डबा घेऊन यायची. त्यांना पथ्य होतं, बाहेरचं चालत नसे. मी त्यांना वहिनी म्हणायचो. चौथीपर्यंत शिकलेल्या, हाडानं बारीक, चालताना चपलेचा आवाजसुद्धा होऊ न देणाऱ्या. त्या टेबलावर डबा उघडत असताना गवंडी आल्यागेल्याला सांगायचे, "हिला घरच्यांनी चौथीतून काढली. बरं केलं. शाळेचं एक बाकडं तरी झिजायचं वाचलं." लोक हसायचे. मीही हसायचो, नाही हसलो तर उरलेला दिवस माझ्यावर घसरायचा. वहिनी झाकणं उलटी करून ओळीनं मांडायच्या आणि भिंतीकडे बघत उभ्या राहायच्या.

मग त्यांचे डोळे गेले.

एकदम नाही गेले. आधी ते दाराच्या चौकटीला खांदा आपटायला लागले. मग एकदा माझ्या टेबलावरचा भरलेला कप त्यांच्या कोपरानं उडाला आणि ते मलाच बोलले, कप कुठं ठेवावा याची अक्कल नाही म्हणून. त्यांना काचबिंदू होता. कडेकडेनं दिसायचं बंद होत होत शेवटी नळीतून बघितल्यासारखा मधला गोल तेवढा राहिला. डॉक्टरांकडे गेले तोवर तो गोलही धुरकटला होता. हे त्यांनी कुणाला सांगितलं नाही. मला सांगितलं, कारण माझ्यापासून लपणं शक्य नव्हतं.

"निवृत्तीला पंधरा महिने आहेत," ते म्हणाले. "तोंड उघडलंस तर बघ."

मी विचारलं, "पण सर, स्क्रीन कोण वाचणार?"

पुढच्या सोमवारी वहिनी डबा घेऊन सकाळी दहालाच आल्या आणि त्यांच्या शेजारी खुर्ची ओढून बसल्या.

टाइप करायला गवंडींना डोळे लागत नव्हते. पण कंपायलर बांधताना मशीन सतत बोलत असतं. हजारो ओळी वर सरकत जातात. अमुक तपासलं, तमुक सापडलं, ही फाइल झाली, ती झाली. मध्येच एक ओळ अशी येते की सगळं थांबतं. ती कुणीतरी वाचून दाखवायला हवी. माझ्याकडून वाचून घ्यायचं म्हणजे मला शिकवायचं. वहिनींना वाचायला लावलं तर कुणी शिकायचा धोकाच नाही, असा त्यांचा हिशोब.

इंग्रजी अक्षरं त्यांनी आठ दिवसांत शिकवली. तळहातावर बोटानं काढून. वहिनी मला नंतर म्हणाल्या, "लग्नानंतर एवढा वेळ त्यांनी माझा हात कधी धरला नव्हता." पण दुसऱ्या हातात त्यांच्या लोखंडी पट्टी असायची. बी आणि डी या दोन अक्षरांत वहिनींचा घोळ व्हायचा. पोट कुठल्या बाजूला ते त्यांच्या ध्यानात राहत नसे. घोळ झाला की पट्टीची कड बोटांच्या पेरांवर बसायची. फार जोरात नाही, पण एकदाही चुकायची नाही. टक् असा आवाज यायचा. मी माझ्या स्क्रीनकडे बघत राहायचो.

"सी. एच. ई. सी. के..." वहिनी वाचायच्या.

"पुढचं. ते चेकिंग असतं, ते सोड. ओळीच्या शेवटी काय आहे?"

"वाय. ई. एस."

"बरं. खालची ओळ."

"ही म्हणजे काय हो?"

"अर्थ तुला काय करायचाय? तू अक्षरं सांग. अर्थ लावायला मी बसलोय."

दिवसाचे सहा-सात तास असं चालायचं. तीन महिन्यांत वहिनी अक्षरं सोडून शब्द वाचायला लागल्या. पाचव्या महिन्यात कुठली ओळ सोडायची आणि कुठली वाचायची हे त्यांचं त्यांना कळायला लागलं. एकदा गवंडी बाहेर गेले असताना मी विचारलं, "वहिनी, वॉर्निंग आणि एररमधला फरक कळला का तुम्हाला?"

"कळायचंय काय त्यात? वॉर्निंग म्हणजे सासू. बोलत राहते, काम काही अडत नाही." त्यांनी दाराकडे बघितलं. "एरर म्हणजे हे."

मी इतका हसलो की मला खोकला लागला. वहिनी हसल्या नाहीत.

त्याच सुमारास एका मशीनवर बांधणी अडली. रोज तासाभरानं थांबायची. गवंडी शेवटची ओळ वाचून घ्यायचे, दुरुस्ती करायचे, परत चालू, परत तेच. चौथ्या दिवशी वहिनी म्हणाल्या, "शेवटची नका बघू. वर पन्नास ओळींवर एक आहे, ती पहिली. खालच्या सगळ्या तिच्यामुळं येतात."

पट्टी टेबलावर आपटली. "तुला अर्थ लावायला सांगितलं होतं?"

पाच मिनिटांनी गवंडी घसा खाकरून म्हणाले, "वर जा पन्नास ओळी. काय लिहिलंय?" वहिनींनी वाचलं. चूक तिथंच होती. संध्याकाळी संचालक आले तेव्हा गवंडी खुर्चीत रेलून सांगत होते, "लोक शेवटची एरर बघतात. मी पहिली शोधतो. अनुभव म्हणतात तो हा." वहिनी डबा पिशवीत भरत होत्या.

मग नवी मॅडम आली. वय सत्तावीस-अठ्ठावीस, आवाज मऊ, ओठांवर कायम हसू. इंजिनिअर म्हणून आमच्या विभागात तिची नेमणूक झाली होती. पहिल्याच दिवशी ती गवंडींच्या टेबलाशी येऊन म्हणाली, "सर, कंपायलरची प्रक्रिया मला समजून घ्यायला आवडेल."

गवंडींनी आवाजाच्या दिशेनं मान वळवली. खोलीत पाच-सहा जण होते. "कुठल्या कॉलेजची तू? हल्ली पोरी इकडचं तिकडं चिकटवून इंजिनिअर होतात. हे चिकटवायचं काम नाही, बाळ. लग्नबिग्न झालं की सोडशीलच. उगाच माझा वेळ कशाला?"

मॅडमचं हसू तसंच राहिलं. "बरं सर," म्हणाली आणि गेली. ती गप्प बसणाऱ्यातली नाही हे मला तेव्हाच कळलं. सरांना सावध करावं असं मनात आलंही, पण केलं नाही. का केलं नाही ते मला माहीत आहे. अकरा वर्षं वायरी गुंडाळल्या होत्या.

आमच्या खोलीला पलीकडून लाकडी पार्टिशन होतं. मॅडमनं आपलं टेबल मुद्दाम त्याला लावून घेतलं. पंधरा दिवसांत तिला सगळं कळलं: कोण वाचतं, कोण ऐकतं, पट्टी कधी आपटते. एवढंच नाही, गवंडी मशीनच्या पंख्याचा आवाज ऐकतात हेही तिनं हेरलं. कंपायलर दळायला लागला की मशीन तापतं आणि पंखा घोंघावतो. काम थांबलं की पंखा निवतो. त्यांना दिसायचं बंद झालं तरी 'चाललंय' की 'थांबलंय' ते पंख्यावरून कळायचं.

तिनं संचालकांना सांगितलं. संचालकांना डोळ्यांचं आधीच माहीत होतं, असं मला मागाहून समजलं. शिपायापासून सगळ्यांनाच माहीत होतं. चहाच्या टपरीवर तर म्हणच झाली होती, 'आंधळं दळतं नि बायको पीठ चाळते.' पण नवी मशीनं आली होती, आणि संचालकांना गवंडी आता नको झाले होते. सरळ बोलावून 'डोळे तपासून घ्या, घरी बसा' म्हणता आलं असतं. तसं केलं नाही. त्यांनी आर्जवानं बोलावलं.

"नव्या मशीनवर तुमच्या हातचा कंपायलर बसला पाहिजे. समितीसमोरच करा. सगळ्यांना बघू दे. आणि वहिनींनाही आणा. एवढी वर्षं डबा आणतायत, नवऱ्याची कला त्यांनीही एकदा बघावी."

गवंडी खूष होऊन परत आले. कमांड पाठ होत्या, वेळा पाठ होत्या. त्या दिवशी सकाळी आमच्या खोलीत ते शर्टाची कॉलर चाचपत वहिनींना म्हणाले, "तिथं दाराजवळ बसायचं. मोठी माणसं असतील. तू वाचतेस हे कळलं तर माझी अब्रू जाईल. मी विचारल्याशिवाय तोंडातून एक अक्षर काढायचं नाही. कळलं?"

"कळलं."

"काय कळलं?"

"तुम्ही विचारल्याशिवाय बोलायचं नाही."

सभागृहात टेबलावर फक्त एक स्क्रीन आणि कीबोर्ड होता. मशीन खाली तळमजल्यावर, बंद खोलीत; तिथून वायर वर आणली होती. ती मीच आणली होती. पंखा ऐकू येण्याचा प्रश्नच नव्हता. प्रोजेक्टरही मीच लावला. स्क्रीनवर येईल ते समोरच्या भिंतीवर हातभर अक्षरांत दिसत होतं. समितीत संचालक, एक प्रशासकीय अधिकारी आणि एक डॉक्टर. डॉक्टर कशाला, हे गवंडींनी विचारलं नाही. डॉक्टर आहेत हे त्यांना सांगितलंच नव्हतं. नवी मॅडम खिडकीशी उभी होती. वहिनी दाराजवळच्या खुर्चीवर पदर सावरून बसल्या होत्या.

अकराला गवंडींनी सुरुवात केली. सोर्स कोडचं गाठोडं सोडलं. बांधणीसाठी वेगळा फोल्डर केला आणि समितीला बजावलं की सोर्सच्या फोल्डरात कधी बांधू नये, स्वयंपाकघरात कुणी आंघोळ करत नाही. अधिकारी हसले. मग त्यांनी कॉन्फिगरची कमांड दिली. ही कमांड मशीन तपासून घेते, लागणारं सामान हाताशी आहे का ते बघते. या कंपायलरला तीन गणिती लायब्रऱ्या, म्हणजे आकडेमोडीच्या तयार फाइलींचे संच, लागतात. आदल्या दिवशी मॅडमनं त्यातली एक काढून टाकली होती.

भिंतीवर ओळी सरकल्या आणि थांबल्या. शेवटच्या ओळीत स्वच्छ लिहिलं होतं, एरर. अमुक लायब्ररी सापडली नाही.

गवंडी मनात सेकंद मोजत होते. दीड मिनिट झाल्यावर म्हणाले, "तपासणी झाली. आता मुख्य काम," आणि त्यांनी मेकची, म्हणजे प्रत्यक्ष बांधणीची, कमांड दिली. मशीननं लगेच उत्तर दिलं: बांधायला काही नाही, स्टॉप. खाली चौकोनी ठिपका लुकलुकत राहिला.

"आता तीन तास निवांत," गवंडी म्हणाले आणि खुर्ची समितीकडे वळवली. "तोवर सांगतो, आत काय चाललंय."

आणि ते सांगायला लागले. इतकं सुंदर ते कधी बोलले नव्हते. "गंमत बघा, हा कंपायलर त्याच्या स्वतःच्याच भाषेत लिहिलाय. मग त्याला मशीनच्या भाषेत कोण उतरवणार? कोंबडी आधी की अंडं? तर मशीनवर आधीचा एखादा जुना कंपायलर असतो. तो या नव्याला पहिल्यांदा बांधतो. पण जुन्याच्या हातचं काम, त्यात जुन्याच्या खोडी असणार. म्हणून हा नवा काय करतो, स्वतःचाच सोर्स घेतो आणि स्वतःला पुन्हा बांधतो. मग तो दुसरा तिसऱ्याला बांधतो. आणि शेवटी दुसरा नि तिसरा समोरासमोर ठेवून ताडून बघायचे. एका अक्षराचाही फरक नाही निघाला, तर मानायचं की हा आता कुणाचा मिंधा नाही."

"वा," संचालक म्हणाले. "आणि आत्ता काय चाललंय?"

"आत्ता पहिला टप्पा." गवंडींनी न बघता भिंतीकडे हात केला. "ओळी पळतायत बघा."

ठिपका लुकलुकत होता. अधिकाऱ्यांनी संचालकांकडे बघितलं, मग रुमालानं तोंड दाबलं. "हो हो," ते म्हणाले, "केवढ्या पळतायत. डोळ्यांनी धरवत नाहीत."

"नाहीच धरवणार. सवय लागते त्याला."

अर्धा तास समितीनं गवंडींना बोलू दिलं. प्रश्न विचारले. दुसरा टप्पा कधी, हिरवी ओळ म्हणजे काय (हिरवी ओळ कुठंच नव्हती), वेग जरा कमी झाल्यासारखा वाटतो का. गवंडी प्रत्येकाचं उत्तर देत होते. डॉक्टर मधूनमधून वहीत काहीतरी लिहीत होते. मी प्रोजेक्टरजवळ उभा होतो. वहिनींकडे बघितलं. त्या भिंत वाचत होत्या. त्यांचे ओठ किंचित हलले. लायब्ररीचं नाव त्या वाचत होत्या. मग त्यांनी ओठ मिटले आणि हात मांडीवर एकावर एक ठेवले.

शेवटी डॉक्टरच कंटाळले. "पुरे झालं," म्हणाले.

मॅडम खिडकीपासून पुढं आली. तिचा आवाज नेहमीसारखाच मऊ होता. "सर, छत्तीस मिनिटांपूर्वीच कॉन्फिगर एरर देऊन थांबलंय. मेक सुरूच झालं नाही. भिंतीवर मोठ्या अक्षरात आहे."

"शक्य नाही."

गवंडी खुर्चीतून अर्धवट उठले, चेहरा दाराच्या दिशेनं वळवला. आवाज फाटला होता. "अगं, तू आहेस ना तिथं? काय दिसतंय?"

आता त्यांनी विचारलं होतं. वहिनी उभ्या राहिल्या आणि शाळेत धडा म्हणावा तसं मोठ्यानं वाचलं.

"ई. आर. आर. ओ. आर."

शब्द त्यांना कधीपासून वाचता येत होता. तरी त्यांनी एकेक अक्षर सांगितलं. अधिकाऱ्यांना हसू आवरेना. ते फाइल तोंडापुढं धरून बाहेर गेले.

जिन्याजवळ मी वहिनींना गाठलं. गवंडींना शिपायानं बाकावर बसवून पाणी दिलं होतं. मी म्हणालो, "वहिनी, तुम्हाला दिसत होतं. नुसतं खाकरला असतात तरी..."

"त्यांनी सांगितलं होतं बोलू नको."

"म्हणून काय अर्धा तास?"

"सत्तावीस वर्षं मी त्यांचं ऐकत नाही, अशी त्यांची तक्रार होती," वहिनी म्हणाल्या. मग माझ्याकडे नीट बघून, "आणि भाऊजी, तुमच्या तोंडाला काय झालं होतं? तुम्हाला तर कुणी काही सांगितलं नव्हतं."

मी प्रोजेक्टरची वायर गुंडाळायला आत गेलो.

डॉक्टरांच्या कागदावर गवंडींना त्याच महिन्यात घरी पाठवलं. पण खरा घाव पुढं होता. त्याच दुपारी मॅडमनं नव्या मशीनवर एक कमांड दिली. तो कंपायलर आता तयार, बांधलेला मिळत होता. उतरवायचा आणि बसवायचा. पाऊण कप चहा होईपर्यंत काम आटोपलं. धरणाचं गणित चालवून बघितलं, जुन्या उत्तरांशी शेवटच्या दशांशापर्यंत जुळलं. तो तसा मिळायला लागून तीन वर्षं झाली होती. संचालकांना माहीत होतं. मलाही माहीत होतं. एकदा इंटरनेटवर वायर शोधताना सहज वाचलं होतं. शेवटची तीन वर्षं गवंडींनी आणि त्यातले सात महिने वहिनींनी दिवसेंदिवस जे दळलं, त्याची कुणालाच गरज नव्हती.

निरोपाच्या दिवशी मॅडमनं ते गवंडींना सांगितलं. सगळ्यांसमोर, हार घालून झाल्यावर. "सर, आता कुणाला इतका त्रास घ्यावा लागणार नाही," अशा शब्दांत. गवंडींनी तिच्या आवाजाकडे मान वळवली आणि फक्त विचारलं, "कोणती आवृत्ती?" तिनं आवृत्ती सांगितली. ते खाली बसले. संस्थेनं त्यांना भंगारात काढलेलं एक जुनं मशीन भेट दिलं. संचालक भाषणात म्हणाले, गवंडी घरीही बांधकाम चालू ठेवतील. टाळ्या झाल्या.

नऊ महिन्यांनी मी त्यांच्या घरी गेलो. जुन्या कपाटाची किल्ली त्यांच्याकडे राहिली होती. दोन खोल्यांचं घर, बाहेरच्या खोलीत खिडकीखाली ते मशीन. पंखा भर्रर करत होता. गवंडी कीबोर्डवर बसलेले, शेजारी स्टुलावर वहिनी, मांडीवर उसवलेला शर्ट आणि सुई.

"कोण? तू का?" ते म्हणाले. "बस. गप्प बस. दुसरा टप्पा चाललाय."

"चेकिंग... येस," वहिनी वाचत होत्या. "चेकिंग... येस. चेकिंग... नो."

"नो चालेल तिथं. पुढं."

मी वाकून स्क्रीन बघितली. काळ्या पडद्यावर पांढरी एकच ओळ होती: डिस्क सापडत नाही. मशीन सुरूच झालेलं नव्हतं; जुना पंखा तेवढा काम असो नसो भर्रर करत होता. वहिनी सुईत दोरा ओवता ओवता पाठ म्हणत होत्या, प्रत्येक ओळ, हव्या तेवढ्या अंतरानं.

"एरर," त्या म्हणाल्या.

गवंडी ताठ झाले. "कुठली फाइल? ओळ कितवी?"

"चारशे बारा."

"खरंच का? हिला आकडे नीट दिसत नाहीत." ते माझ्याकडे वळले. "तू वाच रे जरा. काय आहे?"

वहिनींनी दोरा दातानं तोडला. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

"एरर आहे, सर," मी म्हणालो. "चारशे बारा."

"मग शोधू." त्यांनी हात चोळले. कपाळावर आठी घालून ते पुटपुटायला लागले, बोटं टेबलावर वाजायला लागली. वहिनी उठून आत गेल्या. मी त्यांच्यामागं गेलो.

"डिस्क कधी गेली?"

"दुसऱ्याच महिन्यात."

"सांगितलं नाहीत?"

"सांगून काय करू? दिवसभर माझ्याच मागं असायचे. पाणी गारच का दिलं, दार जोरात का लावलं. पट्टी घरी आणलीय, माहितेय ना?" त्यांनी हात पुढं केला. पेरांवर जुने पांढरे वळ होते, नवा एकही नव्हता. "आता मला निवांतपणा हवा असला की मी एरर काढते. बारीक काढली तर दुपार जाते. मोठी काढली तर दोन-दोन दिवस बसतात. जेवायला हाक मारावी लागते."

"आणि सापडली की?"

"सापडली की मी म्हणते, झालं, पुढं गेलं. खूष होतात." त्यांनी चहाचं आधण ठेवलं. "शेवटपर्यंत मात्र अजून जाऊ दिलं नाही."

मी चहा न घेता निघालो. किल्ली मागायचीही राहिली. परत जायचं नाही असं ठरवलं आणि गेलोही नाही.

दोन महिन्यांनी, ऑफिसात जेवायच्या सुट्टीत, वहिनींचा फोन आला. मागं पंख्याची भर्रर ऐकू येत होती. त्या दबक्या आवाजात म्हणाल्या, "भाऊजी, सगळ्या एरर पाठ झाल्या हो त्यांना. मी तोंड उघडायच्या आत उत्तर देतात. एखादी नवी असली तर सांगा. अवघड सांगा."

मी दार लोटून घेतलं. मॅडमच्या टेबलावर त्या आठवड्यातले छापलेले कागद होते, ते ओढून घेतले आणि सगळ्यात लांबलचक एरर शोधली. वहिनी म्हणाल्या, थांबा, पेन्सिल घेते. मी एकेक अक्षर सांगत गेलो आणि त्या लिहून घेत गेल्या.